कोरीने पेलेट थुंकलं म्हणजे तिला ते आवडलं नाही, असं नसतं

पेलेट, म्हणजे माशांच्या कोरड्या खाण्याची गोळी, टँकमधल्या वाळूवर पडलं, कोरी (कोरिडोरास, तळाला राहणारा छोटा मिशीवाला कॅटफिश) मिशा चाळवत तिथपर्यंत आली, तोंडात घेतलं, गालातल्या गालात दोनदा फिरवलं आणि थुंकून पुढे निघून गेली. मग दुसरी आली, तिचंपण तेच. आपण काचेला नाक लावून बसलोय, दहा मिनिटं झाली, पेलेट फुगून बटणाएवढं झालंय आणि त्याला कोणी विचारत नाहीये. शेवटी आपल्यालाच राहवत नाही, फ्रीजर उघडतो, ब्लडवर्मचा, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्यांचा, क्यूब टाकतो, आणि सहाच्या सहा कोऱ्या शेपट्या हलवत तुटून पडतात. आता यात कोण कोणाला ट्रेन करतंय ते तुम्हीच सांगा.

मी हे जवळजवळ दोन महिने केलं. वर आणखी शहाणपणा म्हणजे "कधीतरी खातील" म्हणून पेलेट तसंच रात्रभर राहू द्यायचो, एका रात्री तर चार टाकली, सकाळी पाणी दुधाळ आणि सगळे मासे वर येऊन तोंड उघडबंद करतायत, टेस्ट किटमध्ये अमोनिया, म्हणजे सडक्या खाण्यातून सुटणारं विष, दिसतोय. पुढचे तीन दिवस बादल्या उचलण्यात गेले. त्यानंतर मात्र जरा बसून समजून घेतलं की हे मासे खाणं ओळखतात तरी कसं, आणि तिथेच सगळं कोडं सुटलं. मासा हट्टी नव्हता, त्याला ते खाणं आहे हेच कळलेलं नव्हतं.

आपल्याला वाटतं मासा खाणं बघतो आणि खातो. टेट्रा, गप्पी, एंजल यांचं तसंच आहे, वरून काही पडताना दिसलं की झडप. पण तळाला राहणारे बरेचसे मासे गढूळ पाण्यात, पानांच्या थराखाली, रात्रीच्या अंधारात पोट भरायला घडलेत, तिथे डोळ्यांचा उपयोग किती होणार. त्यांचं काम चालतं वास आणि चवीवर. आणि चव म्हणजे फक्त जिभेवरची नाही. कॅटफिशच्या मिशांवर, ओठांवर, एवढंच काय अख्ख्या अंगाच्या कातडीवर चव घेणाऱ्या पेशींचे गुच्छ असतात, काही जातींच्या मोठ्या माशात त्यांचा आकडा लाखाच्या पुढे जातो. म्हणजे हा मासा अंगाने चव घेत फिरतो म्हणा ना.

आता खरी गंमत. या चवीच्या दोन वेगवेगळ्या चौक्या आहेत. पहिली बाहेरची, मिशा, ओठ आणि कातडी. तिचं काम "इथे काहीतरी खाण्यासारखं आहे, उचल" एवढं सांगणं. दुसरी तोंडाच्या आत, घशाजवळ. तिचं काम "गिळ" किंवा "थुंक". दोन्हीच्या नसा वेगळ्या आणि मेंदूतल्या जागापण वेगळ्या. म्हणून जो मासा पेलेट उचलून थुंकतो तो पहिल्या चौकीतून पास झालाय, दुसऱ्या चौकीत अडकलाय, आणि जो पेलेटवरून मिशा फिरवून सरळ पुढे जातो तो पहिल्याच चौकीत अडकलाय. हे दोन प्रॉब्लेम वेगळे आहेत, उपायही वेगळे. पहिल्या चौकीला वास आणि रस लागतो, दुसरीला चव आणि पोत, म्हणजे मऊ की कडक, चिकट की भुसभुशीत.

ब्लडवर्म इतका का चालतो हे यावरून लक्षात येईल. फ्रोझन अळी वितळली की तिच्यातला रस लगेच पाण्यात सुटतो, त्या रसात सुटी अमिनो आम्लं असतात, आणि कॅटफिशची चव नेमकी त्यांनाच भयंकर तीक्ष्ण असते, अलानिन आणि आर्जिनिन तर अगदी नगण्य प्रमाणात असली तरी कळतात. वर अळी मऊ, लांबट, तोंडात चटकन दबणारी. याच्यासमोर कोरडं पेलेट म्हणजे दगड. वास उशिरा सुटतो आणि तोंडात घेतलं तर टणक.

तर मग युक्ती साधी आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वास ओळखीचा ठेवून पोत बदला, मग पोत ओळखीचा झाला की वास बदला. दोन्ही एकदम बदललंत तर माशाच्या दृष्टीने तो खडाच.

पण थांबा, हे सगळं करण्याआधी एक बघा, तो खरंच खात नाहीये का? निम्म्या वेळेला भानगड इथेच असते. एक तर वरचे मासे खाली काही पोचूच देत नाहीत. टेट्रांचा घोळका पेलेटला हवेतल्या हवेत, म्हणजे पाण्यातल्या पाण्यात, चेंडूसारखं ढकलत नेतो आणि बिचारी कोरी खाली चुरा शोधत बसते. दुसरं, बरेच प्लेको (तोंडाने काचेला चिकटणारे कॅटफिश), कुहली लोच आणि सिनोडोंटिससारखे तळाचे मासे अंधार पडल्यावरच कामाला लागतात, तुम्ही दुपारी बारा वाजता लखलखीत लाईटमध्ये वेफर (त्यांच्यासाठीची कोरड्या खाण्याची चपटी वडी) टाकलंत तर ते लाकडाखालून बघत बसणार. तिसरं म्हणजे मोठ्या खड्यांचा तळ, खाणं फटीतून खाली जातं, मिशा तिथवर जात नाहीत, आणि मग ते तिथेच सडतं. कोरीला बारीक वाळू हवी, ती तोंडभर वाळू घेते, चाळते आणि कल्ल्यातून सोडून देते, हे एकदा जवळून बघाच, बारीक धूर सोडल्यासारखं दिसतं.

यावर उपाय स्वस्त आहेत. लाईट बंद करून अर्धा तास जाऊ द्या. मग एका कोपऱ्यात वरच्या माशांना थोडं तरंगणारं खाणं द्या आणि ते तिकडे भांडत असताना दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या नळीतून, अगदी तळापर्यंत पोचणाऱ्या, पेलेट खाली सोडा. नळीचं तोंड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, नाहीतर सगळी वरात नळीतच शिरते. खाली एक छोटी काचेची बशी ठेवा, रोज तीच बशी, रोज तीच जागा. बशीचा फायदा म्हणजे किती खाल्लं ते दिसतं आणि उरलेलं मोठ्या सिरिंजने ओढून घेता येतं.

रोज तीच वेळ, तीच जागा यावर मी जरा जास्तच जोर देतो, कारण हे मासे शिकतात, आणि चांगले शिकतात. कार्ल फॉन फ्रिश, तेच ते मधमाशांच्या नाचावाले नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, त्यांनी १९२३ मध्ये एका छोट्या कॅटफिशवरचा प्रयोग छापला होता. मासा आंधळा केलेला, नळीत राहायचा, त्याला मांसाचा तुकडा देताना दर वेळी शिट्टी वाजवायची. काही दिवसांनी नुसती शिट्टी वाजली की स्वारी नळीतून बाहेर. तेव्हा माशांना ऐकू येतं की नाही यावरच वाद चालू होता, त्यावर हे उत्तर होतं. (माशाचे डोळे काढणं वगैरे आज वाचताना कसंतरीच होतं, पण ते असो.) कॅटफिश आणि लोच यांच्यात वायुपिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचं ऐकणं इतर कित्येक माशांपेक्षा तल्लख. तुम्ही शिट्टी नका वाजवू, पण बशी ठेवायच्या आधी नळी काचेच्या कडेला हलकेच दोनदा टेकवली तरी दोन आठवड्यांत फरक दिसतो. मग नवीन खाणं त्या सिग्नलसोबत आलं की अर्धी शंका तिथेच मिटते, "या आवाजानंतर जे येतं ते खायचं असतं" एवढं त्याला ठाऊक झालेलं असतं.

आता माझ्या कोऱ्यांचं काय केलं ते सांगतो. ब्लडवर्मचा क्यूब एका वाटीत वितळवला. एरवी मी तो रस ओतून देतो कारण पाणी खराब होतं, पण या वेळी तोच हवा होता. पेलेटचा चुरा केला, अख्खं पेलेट नाही हां, रव्याएवढा चुरा, आणि चमचाभर रसात दहा मिनिटं भिजू दिला. मग अळ्या बारीक चिरून त्यात कालवल्या, तीन भाग अळ्या आणि एक भाग चुरा. झालेला लगदा सिरिंजने बशीत सोडला. कोऱ्या आल्या, नेहमीसारख्या तुटून पडल्या, आणि अळ्यांबरोबर चुरापण तोंडात गेला. काहींनी चुरा कल्ल्यातून बाहेर सोडला, ते दिसत होतं, तपकिरी ढगासारखं. चौथ्या पाचव्या दिवशी तो ढग कमी झाला. तेव्हा प्रमाण अर्धं अर्धं केलं. त्यानंतर चार दिवसांनी एक भाग अळ्या तीन भाग चुरा. मग नुसता चुरा, रसात भिजवलेला. मग चुऱ्याऐवजी पेलेटचे चार तुकडे. आणि मग साधारण तिसरा आठवडा संपताना अख्खं पेलेट, साध्या पाण्यात भिजवून.

त्या दिवशी बघितलेलं अजून डोळ्यासमोर आहे. एक कोरी, डावी मिशी अर्धी झिजलेली, त्यामुळे ओळखू यायची, तिने पेलेट उचललं, थुंकलं, दोन सेंटिमीटर पुढे गेली, आणि मग तिथेच वळली. परत आली, पेलेटच्या कडेला ओठ लावून ओढलं, एक कण सुटला, तो गिळला. परत ओढलं. मग तिथून हललीच नाही. बाकीच्या पाच मिनिटभरात तिच्या अंगावर चढल्या. हे पण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कळपात राहणारे मासे दुसऱ्याला खाताना बघून आणि त्या झटापटीचा रस पाण्यात सुटल्यावर खायला येतात, त्यामुळे एकाने खाल्लं की बाकीचं काम तोच करतो. एकटी ठेवलेली कोरी मुळातच घाबरलेली असते, तिच्याकडून नवीन काही करून घेण्याची अपेक्षा करूच नका, सहाएक तरी हव्यात.

मध्येच मागे जावं लागलं तर जा. प्रमाण वाढवलं आणि परत थुंकाथुंकी सुरू झाली की आधीच्या टप्प्यावर दोन दिवस थांबायचं, त्यात हरल्यासारखं काही नाही.

उपाशी ठेवलं तर खातील का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. धडधाकट, पोट भरलेला, मोठा मासा एक दोन दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही, त्याला आपल्यासारखं अंग गरम ठेवायला काही जाळावं लागत नाही, आणि थोडी भूक असली की दुसऱ्या चौकीवरचा पहारेकरी जरा मवाळ होतो हे खरं आहे. पण पिल्लं, नुकताच आणलेला मासा, आधीच पोट खपाटीला गेलेला मासा आणि ओटोसिंक्लस, यांच्यावर हा प्रयोग करू नका. ओटो तर अजिबात नाही.

ओटोचं प्रकरण वेगळंच आहे आणि त्यावर जरा थांबलं पाहिजे. हा बोटाच्या पेराएवढा मासा, दुकानात येणारे बरेचसे ओटो नदीतून पकडलेले असतात, पकडल्यापासून दुकानापर्यंत त्यांच्या पोटात जवळजवळ काही गेलेलं नसतं, आणि त्यांचं खाणं म्हणजे दगडा-पानांवरचा शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर. नवीन चकचकीत टँकमध्ये तो थर नसतोच. त्यामुळे ओटो काचेला चिकटून दिवसभर तोंड चालवताना दिसतो, आपल्याला वाटतं खातोय, आणि पहिल्या काही आठवड्यांतच मरतो. काचेला चिकटलेला असताना त्याचं पोट बघा, गोल फुगीर असेल तर ठीक, आत गेलेलं असेल तर घाई करा. त्याला वेफर शिकवण्याआधी शेवाळ द्या. काचेच्या बरणीत टँकमधलंच पाणी आणि चार गुळगुळीत दगड घालून उन्हाच्या खिडकीत ठेवा, एक दोन आठवड्यांत दगड हिरवे होतात, मग ते आलटून पालटून टँकमध्ये आणि बरणीत फिरवत राहा. आणि झुकिनीची चकती द्यायची तर ती बशीत नाही, जिथे तो आधीच चरतोय त्या काचेजवळ किंवा त्या दगडावर अडकवा. ओटो खाण्याकडे जात नाही, चरता चरता त्याला खाणं लागतं, असं समजून चाला. एका ओटोने चकतीवर तोंड लावलं की दोन दिवसांत सगळे तिथे ओळीने चिकटलेले दिसतात.

प्लेकोला भाजी शिकवतानाही संयम लागतो पण धोका कमी. झुकिनीची किंवा काकडीची जाड चकती मिनिटभर उकळत्या पाण्यात घालायची म्हणजे मऊ पडते आणि बुडते, तरी तरंगायचा हट्ट केला तर स्टीलचा काटा खुपसून खाली सोडायची. संध्याकाळी टाकली की सकाळी काढायची, खाल्ली असो वा नसो. पहिल्या दोन तीन रात्री ढुंकूनही बघणार नाही, चौथ्या सकाळी मधला गर गायब आणि सालीची नुसती बांगडी उरलेली, असं होतं. लोक दुसऱ्याच दिवशी नाद सोडतात तिथेच चुकतं. त्याच्या रोजच्या वेफरचा पाण्यात भिजवलेला लेप चकतीवर चोळला तर लवकर जमतं, तीच ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची पद्धत.

फक्त प्लेको कोणता ते आधी बघा. सगळे प्लेको शाकाहारी, हा फार पसरलेला गैरसमज आहे. दातांवरून चांगला अंदाज येतो. काचेला चिकटला की भिंगातून बघा, ब्रिसलनोजसारख्यांचे दात म्हणजे बारीक केसांचा कंगवा, असंख्य, खरवडायला केलेले. ब्राझीलमधल्या झिंगू नदीतला तो काळा-पांढरा झेब्रा प्लेको आणि त्याचे भाऊबंद, त्यांचे दात कमी आणि मोठे, ते जास्त करून मांसाहारी. त्यांना काकडी खायला लावण्यात काही हशील नाही. उलट ब्रिसलनोजला रोज ब्लडवर्म आणि मांसाचे तुकडे देणंही बरोबर नाही, त्याचं आतडं गुंडाळी केलेल्या दोरीसारखं लांबलचक, पालेभाजी सावकाश पचवायला केलेलं. पनाक जातीचे मासे तर लाकूड खरवडतात, त्यांच्या टँकमध्ये लाकूड हवंच. म्हणजे नवीन खाणं शिकवायचं ते माशाच्या पोटाला झेपेल असं, आपल्या फ्रीजमध्ये काय उरलंय त्यावरून नाही.

सगळ्यात चिवट गिऱ्हाईक म्हणजे स्पायनी ईल. वामीसारखा लांबोडा, वाळूत गाडून घेऊन फक्त नाकाडं बाहेर ठेवणारा. त्याला वळवळ लागते. सुरुवातीला जिवंत गांडूळ द्यावंच लागतं, औषध न मारलेल्या मातीतलं, धुऊन, एक दिवस ओल्या कागदात ठेवून पोट साफ झालेलं. खताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं मात्र डिवचली की घाण वासाचा पिवळा रस सोडतात आणि बरेच मासे ती थुंकतात, तेव्हा तिथेच अडकला असाल तर कारण हे असू शकतं. मासा तुमच्या चिमट्यातून घ्यायला लागला की पुढची पायरी म्हणजे मेलेल्या गांडुळाचा तुकडा चिमट्यात धरून हळूच हलवायचा, वळवळ तुम्ही करायची. मग त्याच चिमट्याने, तशाच हालचालीने, फ्रोझन कोळंबीचा गांडुळाच्या रसात बुडवलेला तुकडा. मग हालचाल बंद, तुकडा नुसता समोर ठेवायचा. काही ईल इथून पुढे पेलेटपर्यंत येतात, काही आयुष्यभर येत नाहीत, आणि फ्रोझन खाणं बदलून बदलून दिलं तर त्यावरही ते छान जगतात. मी माझ्या ईलला पेलेटवर आणायचा नाद सोडून दिलाय.

बदलून बदलून यासाठी की एकाच गोष्टीवर ठेवलं तर काहीतरी कमी पडतंच. ब्लडवर्म सगळ्यांना आवडतो पण पूर्ण आहार नाही. काही मासे आणि शिंपल्यांच्या कच्च्या मांसात थायमिनेज नावाचं एन्झाईम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, तेच रोज खाऊ घातलं तर महिन्यांनी त्रास दिसतो. उकळलं की ते एन्झाईम निकामी होतं. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे गाळातला बारीक लाल किडा, त्याच्याबद्दल माझं मत सरळ आहे, घाणीत वाढतो, रोग घेऊन येऊ शकतो, फ्रोझन मिळत असताना कशाला. आणि ब्लडवर्म हाताळून कोणाला खाज, शिंका, डोळे लाल असं होत असेल तर ती अ‍ॅलर्जी आहे, हातमोजे घाला आणि कोरडा चुरा नाकाजवळ नेऊ नका.

लोचवाल्यांसाठी मी जेल करायला सांगेन, कारण क्लाउन लोच आणि यो-यो लोच चावून ओढून खातात, त्यांना पोत फार महत्त्वाचा. पेलेटची पूड आणि मिक्सरमधून काढलेले ब्लडवर्म किंवा कोळंबी, आणि वेगळ्या पातेल्यात उकळवून विरघळवलेलं अगर-अगर (चायना ग्रास). अगर जरा निवलं पण अजून पातळ आहे तेवढ्यात सगळं ढवळून ताटलीत ओता, घट्ट झालं की शंकरपाळ्यासारखं कापून फ्रीझ करा. जिलेटिन वापरू नका, २७-२८ डिग्रीच्या टँकमध्ये ते मऊ पडून विरघळायला लागतं, अगर टिकून राहतं. प्रत्येक नव्या घाण्याला अळ्या कमी, पूड जास्त. पोत तोच, चव हळूहळू सरकते. क्लाउन लोच खूश असला की टक-टक असा आवाज काढतो, खोलीत शांतता असेल तर काचेबाहेरही ऐकू येतो, मला पहिल्यांदा हीटर तडकला की काय असं वाटलं होतं.

आणि जो मासा कालपर्यंत खात होता आणि आज अचानक नाही म्हणतोय, त्याला हे काही लागू नाही. तिथे आधी पाणी तपासा, अमोनिया आणि नायट्राइट शून्य पाहिजे. तापमान बघा, थंडावा आला की पचन मंदावतं आणि भूकही. मिशा झिजल्यात का, तोंडाला कापसासारखं काही लागलंय का, शी पांढरी दोऱ्यासारखी लोंबतेय का, श्वास भराभर चाललाय का. यातलं काही असलं तर तो आजारी आहे, खाणं बदलायची ही वेळ नाही. नवीन आणलेल्या माशालाही आल्या दिवशी काही शिकवायला जाऊ नका, दुकानात काय खात होता ते विचारून घ्या आणि पहिला आठवडा तेच द्या.

माझ्या कोऱ्यांना ब्लडवर्म अजून मिळतो, आठवड्यातून एकदा. फक्त एक पथ्य पाळतो, पेलेट नाकारलं त्या दिवशी तो कधीच द्यायचा नाही. उरलेलं पेलेट दोन तासांनी सिरिंजने ओढून घ्यायचं, लाईट बंद, आणि फ्रीजरकडे जायचं नाही.